तुझं वाक्य

गौलीगुडा, हैदराबाद
१२ ऑगस्ट १९९४

प्रिय रेणुका,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. सावकाश वाच, पण तुझी तूच वाच.

बंगलोरची कंपनी तुला मानवलेली दिसते. इकडे नारायणगुड्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्यात. आई मलाही तिथे घालायला निघाली होती. कथा लिहून कुणाचं पोट भरतं, असा तिचा सवाल. अण्णांचं मात्र उलटं. घरातली मी पहिली पदवीधर, म्हणजे मी लिहीन ते बरोबरच असणार! मागच्या रविवारी वाचनालयात मी कथा वाचली, तेव्हा ते बस डेपोतून खाकी कपड्यांतच येऊन मागच्या रांगेत बसले होते.

कथा तुला बघायला आलेल्या पाहुण्यांची आहे. नाव, गल्ली, सगळं बदललंय. पण सोलापूरकरांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवून तुझ्या हातात मराठी पेपर दिला आणि हैदराबादच्या मुलीला वाचता येतं का बघू म्हणाले, ते तसंच ठेवलंय. इंग्रजी शाळेत शिकलेली तू दुसऱ्याच ओळीला अडखळलीस, ते हसले. मग तू पेपर नीट घडी घालून परत दिलास आणि म्हणालीस, "मला वाचायला वेळ लागतो, पण माणूस लवकर कळतो. तुम्ही या आता." शंकरकाकांनी लेकीचं नाव जपायला नंतर सगळ्यांना पत्रिका जुळली नाही असं सांगितलं. खरं ठाऊक आहे ते तुमच्या घराला आणि स्वयंपाकघरात पोहे परतणाऱ्या मला.

वाचन संपलं आणि सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की ही मुलगी म्हणजे मीच. मी नाही म्हटलं नाही. आई तेव्हापासून धुसफुसतेय, आता स्थळ कोण आणणार म्हणून. वाचनालयाच्या लक्ष्मणरावांनी प्रेमाने सुचवलं, की शेवटी मुलीने महिनाभरात वाचायला शिकावं आणि पाहुण्यांनी माफी मागावी. मी हसून नकार दिला. असा शेवट ऐकणाऱ्यांना गोड लागतो, पण त्या मुलीला पुन्हा परीक्षेला बसवतो. एवढं मला आता कळतं.

पुण्याच्या एका दिवाळी अंकाने कथा घेतली आहे. तुझं वाक्य काढून मी लिहून पाहिलं. मुलीला रडवलं, गप्प ठेवलं, नुसतंच उठवून आत पाठवलं. सगळं खोटं वाटलं. पण ते वाक्य तुझं आहे, आणि काका अजून तुझ्यासाठी स्थळं बघताहेत. छापून आलं की सोलापुरात कुणीतरी ओळखणारच. म्हणून विचारते, छापू का? नको म्हणालीस तर पुण्याला लगेच नकार कळवते. दुसरी कथा मला लिहिता येईल, याची खात्री आहे. फक्त उत्तर तुझं हवं, काकांचं नको.

तुझीच,
त्रिवेणी