डाव्या पायातलं जोडवं

बुध. ३० जुलै

भात वेळताना हातातलं फडकं निसटलं. भाताची उकळती पेज, कंजी, सगळी डाव्या पायावर. लक्ष कुठे होतं माझं? त्रिचीच्या इस्पितळात. यांच्या हृदयाचं ऑपरेशन शुक्रवारी. मुलगा सीनू त्यांच्याजवळ, इथे मी आणि लेक रुक्कू.

ओरडले तशा शेजारच्या पार्वतीमामी धावत आल्या, इडलीच्या पिठाचं भांडं घेऊनच. पाऊलभर थापलं. गार वाटलं, देवाशपथ. तेवढ्यात रुक्कू कॉलेजात शिकवून घरी आली आणि भडकलीच. "अम्मा, हे कसाला लावलीस? पायाची इडली करायची होती काय?" पीठ धुऊन पाय चांगला वीस मिनिटं नळाखाली धरायला लावला. मग म्हणाली, जोडवं काढ, सूज येईल.

नाही म्हटलं. मोठ्यानं.

आमच्यात जोडवं एकदाच निघतं. केव्हा, ते तिलाही ठाऊक आहे.

गुरु. ३१

लिंबाएवढा फोड. मामी सुई घेऊन निघाल्या होत्या फोडायला, रुक्कूनं अडवलं. स्वच्छ कापड सैल बांधून दिलं. दवाखान्यात चल म्हणाली, उद्या बघू म्हटलं. बोट टम्म सुजलंय, जोडवं मांसात रुततंय. साबण लावून काढू म्हणते. मी पाय साडीखाली ओढून घेतला. अप्पा घरी येऊ देत, मग काय हवं ते कर.

यांचा व्हिडिओ कॉल. रुक्कूनं चहाडी केलेली. "माझ्या अंगावरचं अस्कं काढायला लावलं गं इथे. अंगठी काढली, जानवं काढलं, सगळं. मी मेलों काय?" आणि हसले. असल्या दिवशी असला शब्द तोंडातून काढतात का! रागानं फोन रुक्कूच्या हातात दिला, पुढे बोललेच नाही.

आता चुटपुट लागलीय.

शुक्र. १ ऑग. (आडी महिन्यातला शुक्रवार, देवीचा)

सकाळी बोट निळसर. पण ठणका पार थांबलेला. हायसं वाटलं. रुक्कूला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. बोटात नख रुतवून विचारलं, "कळतंय?" नाही कळलं. तशीच ऑटोत बसवलं.

डॉक्टरीण तरुण. पाय बघून म्हणाली, "दुखायचं थांबलं म्हणून खूश झालात? तेव्हाच तर धावत यायचं." पावलावर भाजलं की पहिल्याच दिवशी दाखवायचं असतं म्हणे, फोड लहान असला तरी. बोटाला रक्त पोचत नाही. जोडवं आत्ता कापलं नाही तर बोट जाईल.

तेवढ्यात सीनूचा मेसेज. आत नेलं.

हात जोडले तिला. चार-पाच तास थांबता येईल का? तिकडून ते बाहेर येईपर्यंत? ती म्हणाली, "नाही मा. एक ताससुद्धा नाही."

डोळे मिटले. रुक्कूचा हात घट्ट धरला. खट्.

मी माझ्या हातानं नाही काढलं. देवाला एवढं कळत असेल ना?

संध्या. — ऑप. झालं. शुद्ध नाही अजून.

शनि. २

अजून नाही. श्वासाच्या नळीवरच आहेत. सीनू सगळं ठीक, सगळं ठीक म्हणतोय. इतक्यांदा कशाला म्हणतोय?

ड्रेसिंगला गेले. बोट जरा गुलाबी दिसतंय. नर्सनं दाबलं तर कळ थेट मस्तकात. रडले. डॉक्टरीण मात्र खूश. ताप आला, पू दिसला, लाली वर चढली तर घरात बसायचं नाही, सरळ यायचं, अशी तंबी दिली.

मामींनी पिवळा दोरा आणलाय हळदीचा, जोडव्याच्या जागी बांधायला. त्याही घाबरल्यात, मला कळतं. रुक्कूनं डोळे वटारले. देव्हाऱ्यात ठेवलाय.

बोटावर पांढरा वण आहे, इतक्या वर्षांचा. उजव्या पायातलं आहे अजून. त्याच्यावर हात ठेवून बसलेय. परवा दोन शब्द बोलले असते यांच्याशी तर माझं काय

फोन वाजला. रुक्कूनं हॉलमध्ये उचलला. "हां सीनू" म्हणाली. पुढे नुसती ऐकतेय.