मशिनची गार खोली

ती. ताईस,
फरशी इतकी तापलीय की साष्टांग घालवत नाही, उभ्यानंच नमस्कार घे. मी बरा आहे. भाऊजींचा खोकला थांबला का? आपला धाकटा अजून इकडे यायचा हट्ट धरून बसलाय का?

आमची इस्त्रीची खोली पत्र्याची. वाफेनं भिंतींनाही घाम फुटतो. शेजारच्या खोलीत कापड कापायचं नवं मशिन आहे. ते तापू नये म्हणून तिथं एसी, आणि आम्हाला आत जायला बंदी. बाजूच्या टेबलावरचे काका म्हणायचे, "पुढच्या जन्मी मशिन होईन रे बाबा." आम्ही पोट धरून हसायचो.

परवा इस्त्री हातात असतानाच काका कोसळले. अंग नुसतं तव्यासारखं. मुकादमानं स्वतः ती खोली उघडून त्यांना आत निजवलं. दार उघडायला माणूस पडावा लागतो, ताई. काका तिथंच गेले. संध्याकाळी गाडी येईपर्यंत त्यांना कुणी बाहेर काढलं नाही.

आईला म्हणावं, इथली हवा मानवलीय मला.

काकांचं टेबल रिकामं आहे. मुकादम विचारत होता, "घरी एखादा भाऊ आहे का, कामाला?"

मी सांगून टाकलं, "मला भाऊच नाही."

धाकट्याला कळू देऊ नकोस. रुसेल.

तुझा,
भाऊ