पुस्तक परत करण्याची सूचना

१८ ऑगस्ट, बुधवार

प्रिय शिट्टी,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. वाचनालयातला पंखा अजून कुरकुरतो, आणि तुझ्याएवढी बेसूर शिट्टी वाजवणारं आता इथे कुणी नाही. पाकिटावर मुद्दाम ‘पुस्तक परत करण्याची सूचना’ असा शिक्का मारलाय. असली पाकिटं तुझे बाबा उघडत नसावेत.

दारू सोडणाऱ्या आपल्या बुधवारच्या गटात आता दोघंच उरलो, नर्सिंगवाली आणि मी. वाचनालयामागची आपली खोली कॉलेजने मोडके बाक ठेवायला घेतली, म्हणून जिन्यावर बसतो. तिचं जिच्यावर प्रेम होतं, त्या मुलीचं घरच्यांनी लग्न लावून दिलं. तरी ही एकशे दहा दिवस प्यायलेली नाही. दर वेळी विचारते, “शिट्टीचा काही पत्ता, सर?” मी विषय बदलतो.

विषय बदलून किती दिवस काढणार?

तुझ्या घरी फोन मीच केला. दोन बुधवार तू आला नाहीस, हॉस्टेलच्या खोलीचं दारही उघडेनास. घरी फोन करायची वेळ आलीच, तर ‘पुस्तक राहिलंय’ एवढंच म्हणायचं, हा नियम तूच घालून दिला होतास. पण बाबांचा आवाज इतका मऊ होता रे. “काय झालं हो सर, त्याला?” मला वाटलं, हा माणूस समजून घेईल. दारूचं सांगितलं, आणि तो मुलगा तुला सोडून गेला, तेही. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंत.” दोन दिवसांत ते तुला घेऊन गेले. तू आलास त्या शेवटच्या बुधवारी तुझे दारूशिवाय त्र्याहत्तर दिवस झाले होते.

मी पुरुषांवर प्रेम करतो, हे माझ्या घरी अजून कुणाला माहीत नाही. आणि तुझं मात्र एका फोनात सांगून मोकळा झालो. माफी मागत नाही. मागून तुला काय मिळणार? तू परत येशील असंही वाटत नाही.

गटात नावाऐवजी दिवस सांगायचे. माझी अकरा वर्षं ऐकून तुम्ही पोरं टाळ्या वाजवायचात. गेल्या शनिवारी त्या मोडक्या बाकांमध्ये बसून मी प्यायलो. नर्सिंगवालीला आज जिन्यावर सांगावं लागेल.

लिहावंसं वाटलं तर नुसता आकडा लिही. शून्य असला तरी.

तुझा,
सर
दिवस चौथा