नारिंगी थेंब

डिचोली,
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आईस,
गौरवीचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? यंदा इब्रामपुरात काजूला मोहोर चांगला धरलाय, असं दादा म्हणाला. मी बरी आहे.

आज तुला माझ्या कामाबद्दल लिहायचंय. शेजारणींना तू सांगतेस, आमची गौरवी इस्पितळात कॉम्प्युटरवर असते. आई, मी प्रयोगशाळेत असते. रक्त, लघवी, शौच तपासते आणि त्याची मला लाज नाही. हे पत्र वाचलंस की तूच गावभर सांगत सुटशील.

दिवाळीनंतर आमच्याकडे एका मुलाच्या शौचाचा नमुना आला. दीड वर्षाचं पोर. खायचं भरपूर, पण अंगाला काही लागायचं नाही. हातापायांच्या काटक्या, पोट तेवढं फुगलेलं. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं, चरबी जाते का बघा. त्यासाठी आमच्याकडे एक लाल रंग असतो. पाण्यात तो विरघळत नाही, तेलातुपात मात्र चटकन मुरतो. काचेच्या पट्टीवर कणभर नमुना घ्यायचा, रंग सोडायचा, जरा ऊब द्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. निरोगी पोराच्या नमुन्यात नारिंगी ठिपके तुरळक दिसतात. इथे मी डोळा लावला तर थेंबच थेंब, माशाच्या हुमणावर तेलाचा तवंग यावा तसे! पोटात गेलेलं तूप, खोबरं, दूध, सगळ्यातला स्निग्धपणा न पचता बाहेर पडत होता.

मी लगेच निकाल लिहिला नाही. नमुना नव्यानं रंगवला आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या रुद्रेशला बोलावलं.
"मी काय बघलंय ता सांगूचंय नाय. तूच बघ."
"कित्याक? तुझी नजर पक्की असा."
"पोरगो माझ्या घरचो असा."

होय आई. तो नमुना आपल्या दादाच्या साईशचा होता. रुद्रेशनेही तेच पाहिलं, मगच मी सही केली.

फोनवर सेजलवहिनीचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे कागदावर. तिला विचारूनच लिहितेय. गणपतीत, भरल्या घरात तू तिला म्हणालीस, "मी भातार एवढा तूप घालतंय, ता जाता खंय? पोराक उपाशी ठेवतंस तू." दुसऱ्या दिवशी ती साईशला घेऊन पाळी गावी, माहेरी गेली. दादा नुसता बघत राहिला.

पण तिथे ती हातावर हात ठेवून बसली नाही. पोराला घेऊन डॉक्टरांची दारं ठोठावली. एकानं जंताचं औषध दिलं, दुसऱ्यानं धीर धरा म्हटलं. शेवटी आमच्या डॉक्टरीणबाईंना ती म्हणाली, "तेचे कपडे धुताना हाताक तेल लागता." बाईंनी लगेच तपासणी लिहून दिली.

पुढे मोठ्या इस्पितळात बाकीचं कळलं. चरबी पचवणारा रस स्वादुपिंडातून येतो. साईशला तो जन्मापासूनच पुरेसा येत नाही. आता प्रत्येक खाण्याबरोबर औषधाचे बारीक दाणे द्यावे लागतात, बहुधा जन्मभर लागतील. पण त्याला गाल आलेत, आई! परवा मी पाळीला गेले तर भिंत धरून माझ्याकडे चालत आला आणि माझी पर्स ओढून घेतली.

निदान ऐकल्यावर वहिनीनं पहिलं काय विचारलं, सांगू? "गौरवीबाय, म्हणजे माझो काय दोष नाय ना?" मी नाही म्हटलं. तेव्हा ती रडली. गणपतीपासून तिला रडताना मी पाहिलं नव्हतं.

दोष तुझ्या तुपाचाही नव्हता. तू ते मायेनंच घातलंस. बोललीस ते मात्र तुझं आहे, ते मला नमुन्यासारखं रंगवून कुणाला दाखवता येणार नाही आणि पुसताही येणार नाही.

माझ्या कामाचा मला अभिमान वाटतो. वहिनीचा त्याहून जास्त वाटतो. एवढं ऐकूनही ती पोरासाठी उभी राहिली. अशी सून आपल्या घरात आहे, हे तुझ्या तोंडून लोकांनी ऐकावं असं मला फार वाटतं.

रविवारी दादा पाळीला जातोय. गाडीत जागा आहे. मी मध्ये पडणार नाही. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. वहिनीला विचारलं, आईनं आलेलं चालेल का? ती साईशला औषधाचे दाणे घालून भरवत होती. म्हणाली, "आईंक येवंदे. वखद कसा देवचा, ता मी तेंका दाखयतंय."

साईशची आत्या, सेजलची नणंद
आणि तुझीच लेक,
गौरवी