शेवटच्या घरातली मागची खोली

मी, तळ्याच्या वाटेवरच्या शेवटच्या घराची मालकीण, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या मागे कशाचे काय करावे ते लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. गुडघ्यांबद्दल ते जे बोलले, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

१. राहते घर व मागचे अंगण मी गावात येणाऱ्या पर्यटकांची घरोघरी सोय लावणाऱ्या पाहुणे मंडळाला देत आहे. पलीकडच्या काठावर हॉटेल बांधणाऱ्या कंपनीला, किंवा तिच्या वतीने गोड बोलत येणाऱ्या कोणालाही, ते विकता अगर भाड्याने देता येणार नाही. त्यांचे साहेब मला म्हणाले होते, "आजी, तुम्ही फक्त सही करा, बाकीचं आम्ही बघतो." बाकीचे कसे बघतात ते त्या काठावर दिसतेच आहे. तिथे आता एकही बदक उतरत नाही.

२. आमच्याकडे किती पाहुणे घ्यायचे हे विहीर ठरवते. सकाळी डोकावून पाणी कोणत्या पायरीला आहे ते पाहायचे आणि तेवढ्याच खोल्या उघडायच्या. हे काम यापुढे पुतण्याच्या बायकोने करावे. ती भिडस्त नाही.

३. चहाची मोठी किटली शेजारी राहणाऱ्या धाकट्या जाऊबाईला द्यावी. त्या किटलीवर तिचा फार दिवस डोळा आहे. पाहुणा कोणाच्या घरी उतरणार हे पाळीने ठरते. हा नियम मीच सभेत भांडून करून घेतला, नाहीतर तळे दिसते म्हणून सगळे माझ्याकडेच आले असते. माझी मुलगी त्याच कंपनीत नोकरीला आहे. इतक्या वर्षांनी ती साहेबांबरोबर एका मुक्कामाला आली, तेव्हा पाळी जाऊबाईची होती. मी म्हटले, "अगं, हिला तरी माझ्याकडे पाठव." जाऊबाई म्हणाली, "ताई, नियम तुमचाच ना? मग झालं तर." मुलगीही तिच्या मागोमाग आत गेली. मी गादी घालून ठेवली होती. कुंपणापलीकडून तिचे हसणे ऐकू येत होते, आणि सकाळी ती गाडीतूनच "येते गं" म्हणाली. जाऊबाईवरचा माझा राग अजून तसाच आहे. किटलीबरोबर तोही तिने ठेवून घ्यावा.

४. घर दिले नाही म्हणून मुलीने वाईट वाटून घेऊ नये. ती ते विकून टाकेल आणि मग तिलाच परत यायला जागा उरणार नाही, याची मला भीती वाटते. माझे दागिने व शिवणयंत्र तिचे. मागची खोलीही तिचीच होती. तिथे मी पाहुणे ठेवत आले. दर वेळी दार वाजले की वाटायचे, तीच असेल. उघडले की कोणी परके माणूस हसून उभे. मग मीही हसायचे. मला तिची फार आठवण येते. हे वाक्य कायद्यात बसत नाही असे वकील म्हणतात, तरी ते राहू द्यावे.

मी गेल्यावर ती खोली कोणाला देऊ नये. मुलगी आली तर पाळी कोणाची हे विचारू नये, सरळ किल्ली द्यावी. मात्र पाखरे अंड्यांवर बसलेली असताना आम्ही घरापासून पुढची तळ्याची वाट बंद ठेवतो, ती तिच्यासाठीही उघडू नये. वाट उघडेपर्यंत थांब, असे तिला सांगावे. थांबली तर फार बरे होईल.

साक्षीदार :
होडीवाला (सही)
शाळेच्या बाई (सही, शुद्धलेखन त्यांचे, बाकी माझे)

लिहून देणार : मुलीची आई (सही)
ठिकाण : राहते घर
दिनांक : तळ्याची वाट बंद केली तो दिवस