सोंडेसाठी सोडलेली जागा

मी, पोस्टरवरची अक्षरे लिहून पोट भरणारा, वय एकोणसत्तर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही मानगुटीवर बसलेले नसताना, हे मृत्युपत्र लिहितो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला बायकोकडे मागितला होता. तिने तो दिलेला नाही.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव बायकोला. त्याचे काय करावे हे मी सांगत नाही. आजवर सांगितलेले तिने कुठे ऐकले आहे?

२. माझे सगळे ब्रश पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. बारीक ब्रश कोणालाही उसना देऊ नये. समोरच्या फ्रेमवाल्याने एक नेला आणि वार्निशात वाळवून परत आणला. त्याला मी माफ केलेले नाही, एवढे त्याला वाचून दाखवावे.

३. आम्हा दोघा भावांच्या पोस्टर-कारखान्यातला माझा अर्धा हिस्साही पुतणीला. तिथल्या फरशीवरची मधली रेघ तिने आधी पुसावी. ती ऑइलपेंटची आहे, रॉकेल लागेल.

रेघेची हकीकत अशी. धाकटा चित्र काढायचा, मी अक्षरे लिहायचो. अकरा वर्षांपूर्वी सर्कशीच्या पोस्टरवर त्याने हत्ती काढला आणि सोंड थेट माझ्या जागेत घुसवली. वेलांटीला डोके वर काढायला जागा उरेना.

"सोंड खाली घे," मी म्हणालो.

"हत्ती सलाम करतोय, दादा. खाली कशी घेऊ?"

तो जेवायला गेल्यावर मी सोंडेवर पिवळा पट्टा मारला आणि वर ठसठशीत अक्षरे लिहिली. पोस्टर छापून गावभर लागले. लोक सर्कशीचे नाव लांबूनही वाचत आणि विचारत, "पण हे जनावर कोणतं?" शेवटी सर्कसवाल्याने खुलासा म्हणून खरा हत्ती तंबूबाहेर आणून उभा केला.

पुढच्याच नाटकाच्या पोस्टरवर धाकट्याने उट्टे काढले. नायिकेचे केस असे मोकळे सोडले की मला करंगळीएवढी पट्टी उरली. नाव कोणालाच वाचता आले नाही. निम्मे प्रेक्षक शेजारच्या सभागृहात दातांच्या निगेवरचे व्याख्यान ऐकून घरी गेले. त्या दिवशी रेघ ओढली आणि बोलणे बंद झाले. कागद पुतणी इकडून तिकडे नेते.

ती स्वतः पोस्टर करते तेव्हा आधी फिक्या पेन्सिलीने चित्र आणि अक्षरे दोन्ही एकदम आखते. परवा तिने होडीच्या शिडाच्या वळणाबरोबर अक्षरे वाकवली. आधी होडी सुचली की अक्षरे, ते मलाही कळेना. आम्हा दोघांना हे चाळीस वर्षांत जमले नाही, कारण त्यासाठी एकाला दुसऱ्याला आधी विचारावे लागले असते.

४. धाकट्याला काहीही नाही. राग म्हणून नव्हे. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार राहू नये. मला तो साक्षीदार हवा आहे. म्हणजे त्याला रेघ ओलांडून माझ्या टेबलापाशी यावेच लागेल. तो बारा पावलांवर बसतो आणि मला त्याची आठवण येते.

५. सोंड कापली ही माझी चूक. सही करताना त्याच्या नजरेस पडावे म्हणून हे अगदी शेवटी लिहिले आहे.

स्थळ: कारखाना, खिडकीकडची बाजू
तारीख: धाकटा येईल ती

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार पहिला: वकीलबाई (सही)
साक्षीदार दुसरा: धाकटा (सहीच्या जागी हत्ती. सोंड वर.)

ताजा कलम: धाकटा आज आला. पाचवे कलम दोनदा वाचले, नाक पुसले आणि म्हणाला, "जागा कमी सोडलीस, दादा." मग त्याने सोंड माझ्या सहीवरून पार वरपर्यंत नेली. सही दिसत नाही, सगळा कागद पुन्हा लिहा, असे वकीलबाई म्हणतात. लिहू. कागद कसा आखायचा, ते दोघांनी मिळून ठरवायला घेतले आहे.