मागच्या सीटवरून दिसलेला अपघात

प्रिय सूनबाई,

मान कशी आहे? मानेचा पट्टा लावतेस ना, की आईसमोर शूरपणा म्हणून काढून ठेवतेस? धडकेत मानेला झटका बसतो तेव्हा बाहेर ओरखडाही दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नाही. कुणी "रक्त तर नाही ना आलं?" म्हणालं, तर माझा नंबर दे. बोलते मी त्यांच्याशी.

माझं बरं चाललंय. खांद्याजवळचं हाड सीटबेल्टच्या दाबाने मोडलं, म्हणून तुझ्या आत्येसासूबाई बेल्टलाच शिव्या घालत होत्या. म्हटलं, बेल्ट नसता तर आज माझ्या फोटोशी बोलत असता. "तरी मी सांगत होते, बाईच्या हातात गाडी देऊ नका," हेही चहा संपायच्या आत म्हणून झालं. मी विचारलं, तुमच्या भावाने आपल्याच फाटकाला गाडी ठोकली, तेव्हा पुरुषांच्या हातून काढून घेतली होती का? हे पेपरामागे लपले.

विमा कंपनीत मी जन्मभर अपघातांचे दावे वाचले. अतिवेग, दारू, पेंग, पुढच्या गाडीला चिकटून चालवणं, कारणं हीच असतात; कबूल कुणी करत नाही. "झाड अचानक समोर आलं," असंही एकाने लिहिलं होतं. मेलं फिरायला निघालं असेल! पण शेजारी बसलेला माणूस हे कारण कुणीच लिहीत नाही.

मी मागे होते, मला दिसलं. सिग्नल आला होता, पुढची गाडी थांबत होती आणि माझ्या चिरंजीवांनी तुझ्या नाकासमोर फोन धरला. "हा सोफा बघ ना, एकदाच बघ." तू "नंतर" म्हणालीस, तरी फोन हलेना. धडकल्यावर मात्र जगाला सांगितलं, "तिचं लक्ष नव्हतं." तू उलट माझीच माफी मागितलीस. परत स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणालीस, किल्ली ठेवलीस आणि आईकडे गेलीस. हाडापेक्षा ते जास्त दुखलं.

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला माफी मागायला शिकवलं, पण आपल्या चुकीची, दुसऱ्याच्या नव्हे. काल जेवताना मी त्याला विचारलं, काय रे, सोफा आवडला का तिला? घास परत ताटात ठेवला. म्हणाला, "आई, चूक माझी होती." म्हटलं, मला काय सांगतोस? तेव्हा उठला आणि आत्याला फोन लावून जसं घडलं तसं सांगितलं. अगदीच वाया गेलेला नाही गं. उद्या तुझ्याकडे येतोय. जरा दारात उभं ठेव, लगेच विरघळू नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सोमवारी माझ्या हाताची झोळी काढायची आहे. गाडी दुरुस्त होऊन आली. तो न्यायला तयार आहे, हेही तयार आहेत. मी दोघांनाही नाही म्हटलं. मला तू न्यायचंस. तुझ्या डॉक्टरांनी अजून गाडी चालवू दिली नाही, तर मी तारीख पुढे ढकलीन; झोळी असेपर्यंत कुणी भांडी घासायला तरी सांगत नाही. मी पुढे बसेन. सुरुवातीला गाडी बंद पडेल, पडू दे. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. मला कुठेही वेळेवर पोचायचं नाही.

तुझीच,
सध्या एकहाती सासूबाई